चौफेर वाचन अंगी लागते, की नुसते डोळ्यांखालून जाते?

आडवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझे वाचन कधीच ठरवून झालेले नाही. खगोलशास्त्रावरचे एखादे पुस्तक, त्यानंतर इतिहास, मध्येच एखादी कादंबरी, मग अर्थशास्त्राविषयी सामान्य वाचकांसाठी लिहिलेले काही, असा क्रम अनेक वर्षे चालू आहे आणि त्यात मला मनापासून आनंद मिळतो. अलीकडे मात्र दोन शंका सतावू लागल्या आहेत.

पहिली शंका अशी की, वाचलेले टिकत नाही. एखाद्या पुस्तकाविषयी कोणी विचारले, तर ते चांगले होते एवढे मी ठामपणे सांगू शकतो. परंतु लेखकाने नेमके काय म्हटले आहे आणि कशाच्या आधारावर म्हटले आहे, हे सांगायला गेलो की दोन वाक्यांतच गाडी अडते. दुसरी शंका एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी उपस्थित केली. त्यांच्या मते आपल्याच विषयात खोलवर वाचणाऱ्या माणसाची प्रगती होते, तर दहा विषयांत डोकावणाऱ्याला फार तर चांगल्या गप्पा मारता येतात. हे ऐकून राग आला, पण उत्तर सुचले नाही.

म्हणून विचारतो. चौफेर वाचनाने माणसाच्या विचारशक्तीत, निर्णयात किंवा इतरांना समजून घेण्यात खरोखर काही फरक पडतो का, की ही आपण वाचणाऱ्यांनी स्वतःची घातलेली समजूत आहे? पडत असेल, तर तो नेमका कसा पडतो? ‘वाचनाने माणूस समृद्ध होतो’ अशा स्वरूपाची वाक्ये मी पुष्कळ ऐकली आहेत. ती कृपया टाळावीत.

---

समासनोंद

विसरण्याच्या बाबतीत आपण फारच चांगल्या संगतीत आहात. सोळाव्या शतकातले फ्रेंच निबंधकार मोंतेन्य यांनी लिहून ठेवले आहे की, काही वर्षांपूर्वी बारकाईने वाचलेली आणि स्वतःच्याच टिपणांनी भरलेली पुस्तके आपण पुन्हा नवी समजून हातात घेतली, असे त्यांच्या बाबतीत एकदा नव्हे, अनेकदा घडले. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. पुस्तक संपले की त्याच्या शेवटी वाचून झाल्याची तारीख आणि त्या पुस्तकाविषयी झालेले एकंदर मत ते लिहून ठेवू लागले. सारांश नव्हे, मत. पुढे आपल्या निबंधात त्यांनी यांतली काही मते जशीच्या तशी उतरवली आहेत.

यातली मेख अशी की, मत लिहायचे म्हटले की वाचताना थोडे सावध राहावेच लागते. टिकण्याचा प्रश्न बहुतेक तिथेच सुटतो. बाकीच्या मुद्द्यांवर जाणकार लिहितीलच.

---

कार्यकारण

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, असे मला वाटते. परंतु ते ज्या अर्ध्या भागात चुकतात, तोच भाग महत्त्वाचा आहे. एक सर्वांना परिचित असलेले उदाहरण घेऊन ते जरा सविस्तर पाहू.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की, १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लोकसंख्येवरचा माल्थस यांचा निबंध सहज, करमणूक म्हणून वाचला. माल्थस हे अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. प्राणी आणि वनस्पती हा त्यांचा विषय नव्हता. लोकसंख्या ज्या वेगाने वाढू पाहते त्या वेगाने अन्न वाढत नाही आणि म्हणून जगण्यासाठी झगडा अटळ ठरतो, हा त्यांचा युक्तिवाद डार्विन यांनी वाचला आणि जीवसृष्टीत अनुकूल भेद का टिकतात व प्रतिकूल का नष्ट होतात, याचा धागा त्यांच्या हाती लागला. चौफेर वाचनाचा पुरस्कार करणारे ही गोष्ट आवर्जून सांगतात, पण बहुतेक जण त्याच वाक्यातला दुसरा तपशील गाळतात. डार्विन तिथेच नोंदवतात की, त्या वेळी त्यांच्या पद्धतशीर शोधाला सुरुवात होऊन पंधरा महिने झाले होते. माल्थस यांचा तो निबंध तोवर हजारो लोकांनी वाचलेला होता. त्यांच्यापैकी जवळपास कोणालाही त्यात नैसर्गिक निवड दिसली नाही, कारण पाळीव जनावरांत निवडीने बदल होतो, मग रानात निवड करणारा कोण, हा प्रश्न घेऊन ते वाचतच नव्हते.

आता याच गोष्टीचा उत्तरार्ध पाहा. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनीही माल्थस वाचला होता, पण अनेक वर्षांपूर्वी. १८५८ मध्ये ते आजच्या इंडोनेशियातील बेटांवर प्राण्यांचे नमुने गोळा करत असताना तापाने आजारी पडले आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना तो जुना युक्तिवाद आठवला. त्यातून ते डार्विन यांच्याच निष्कर्षापाशी पोहोचले. म्हणजे आपण ज्याला ‘विसरलेले’ म्हणतो, ते सगळे गेलेले असते असे नाही. ते वर येण्यासाठी त्याला ओढून घेणारा प्रश्न लागतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, खोली विरुद्ध विस्तार ही मांडणीच सदोष आहे. जो माणूस एका प्रश्नाशी झुंजतो आहे, त्याचे इतर विषयांतले वाचन वाया जात नाही, कारण प्रत्येक नव्या पुस्तकाला तो नकळत तोच प्रश्न विचारत असतो. ज्याच्याजवळ असा प्रश्न नाही, त्याने एकाच विषयातली शंभर पुस्तके वाचली, तरी माहितीचा साठा वाढण्यापलीकडे फारसे काही घडेल असे मला वाटत नाही. आपले सहकारी ज्याला खोल वाचन म्हणतात, त्याचा गुण खोलीपेक्षा या प्रश्नात अधिक असावा.

दुसरी गोष्ट पडताळणीची. मायकेल फॅरडे वयाच्या चौदाव्या वर्षी एका पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकायला राहिले आणि बांधणीसाठी येणारी पुस्तके वाचत गेले. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक यांनी त्यांना विज्ञानाकडे वळवले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण उतारवयात त्यांनी एका पत्रात जे लिहिले, ते मला अधिक मोलाचे वाटते. आपण लहानपणी कल्पनेत रमणारे होतो, अद्भुतकथांवर विश्वकोशाइतकाच सहज विश्वास ठेवू शकलो असतो. परंतु विधान समोर आले की त्याची उलटतपासणी करण्याच्या सवयीने आपल्याला तारले, असा त्या मजकुराचा आशय आहे. मार्सेट यांच्या पुस्तकातली विधाने त्यांनी परवडतील तसे छोटे छोटे प्रयोग करून पाहिली आणि ती खरी ठरली, तेव्हा त्या पुस्तकावर विसंबायला सुरुवात केली. इतिहास किंवा तत्त्वज्ञान वाचताना प्रयोग करता येत नाहीत, हे खरे. पण याच घटनेबद्दल दुसरा लेखक काय म्हणतो, हे तपासता येते आणि तेवढेही फार थोडे लोक करतात.

---

पुरावा कुठे आहे

वरील प्रतिसाद आवडला, तरी थोर लोकांच्या चरित्रांवरून सामान्य नियम काढण्याला माझी हरकत आहे. भरपूर वाचूनही काहीच न घडलेल्या माणसांची चरित्रे कोणी लिहीत नाही. तेव्हा मानसशास्त्रात याविषयी काय आढळले आहे, तिकडे वळू.

‘कथात्म साहित्य वाचल्याने दुसऱ्याचे मन अधिक चांगले कळते’ हे विधान आपण सर्वत्र वाचले असेल. त्याचा मोठा आधार म्हणजे किड आणि कास्तानो यांचा २०१३ मधील शोधनिबंध. साहित्यिक दर्जाचा छोटा उतारा वाचलेल्या लोकांना डोळ्यांच्या छायाचित्रांवरून भावना ओळखण्यासारख्या चाचण्यांत अधिक गुण मिळाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग मोठ्या गटांवर करून पाहिला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. २०१६ मध्ये तसे प्रसिद्धही झाले. आयुष्यभर कादंबऱ्या वाचणाऱ्यांना माणसे थोडी अधिक कळतात, असा संबंध काही पाहण्यांत दिसतो. पण मुळात माणसांविषयी कुतूहल असणारेच कादंबऱ्यांकडे वळत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? एका कादंबरीने स्वभाव पालटेल, अशी अपेक्षा ठेवू नये, एवढे निश्चित.

उलट, ज्या परिणामाचा पुरावा भक्कम आहे, त्याची चर्चा कमी होते. वाचलेले समजणे हे बऱ्याच अंशी आधीच्या माहितीवर अवलंबून असते. रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले आणि नंतर मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून ते दाखवायला सांगितले. वाचनात कच्ची, पण खेळाची चांगली माहिती असलेली मुले, वाचनात पक्की परंतु खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे राहिली. ‘वाचनकौशल्य’ नावाची सर्वत्र सारखी चालणारी गोष्ट आपण समजतो तेवढी मोठी नाही, हा त्याचा अर्थ. चौफेर वाचनाचा सर्वांत ठोस फायदा म्हणून मी हाच सांगेन: आज वाचलेल्या पुस्तकामुळे पुढच्या पुस्तकातला एखादा उल्लेख, एखादी गृहीत धरलेली घटना, एखादी उपमा कळते आणि त्यामुळे ते पुस्तक अर्ध्यावर टाकावेसे वाटत नाही. हे दिसायला किरकोळ आहे, पण वर्षानुवर्षे साठत जाते.

टिकण्याविषयी आणखी एक. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवले की, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवते. परंतु आठवड्यानंतर, उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढणारे पुढे असतात. पुन्हा वाचल्याने ‘आपल्याला हे येते’ असा भास तेवढा लवकर होतो. तेव्हा प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटावे आणि काय आठवते ते लिहावे. ओळींवर रंग फासत बसण्यापेक्षा हे कंटाळवाणे आहे आणि बहुधा म्हणूनच उपयोगी आहे.

जाता जाता: भरभर वाचण्याचे वर्ग लावण्याचा विचार असेल, तर सोडून द्यावा. वाचताना डोळा टप्प्याटप्प्याने उड्या घेत पुढे जातो आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. या थांब्यांना फार कात्री लावली की आकलनाला कात्री लागते. इंग्रजीतले माहितीपर लेखन मनातल्या मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द असल्याचे २०१९ च्या एका विस्तृत आढाव्यात दिसले. मिनिटाला हजार शब्दांच्या गोष्टी करणारे बहुतेक जण पाने चाळत असतात.

---

निर्हेतुक

दोन्ही प्रदीर्घ प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण वाचनाला कामाला जुंपण्याची त्यांची घाई मला खटकते. ‘कार्यकारण’ यांनीच दिलेल्या उदाहरणात डार्विन यांनी माल्थस वाचला तो करमणूक म्हणून. त्यांनी प्रश्नाच्या चौकटीत बसणारीच पुस्तके निवडली असती, तर लोकसंख्येवरचा निबंध त्यांच्या यादीत आलाच नसता. मनात प्रश्न असावा, हे मान्य. परंतु पुस्तक निवडताना त्या प्रश्नाला हुकूम चालवू देऊ नये.

शिवाय त्याच आत्मचरित्रात पुढे जी कबुली आहे, ती उपयुक्ततावादी वाचकांनी अवश्य वाचावी. तिशीपर्यंत डार्विन यांना कवितेत गोडी होती, शाळकरी वयात शेक्सपिअर यांची नाटके ते तन्मयतेने वाचत. उतारवयात मात्र त्यांना कवितेची एक ओळ वाचवेना आणि शेक्सपिअर असह्य कंटाळवाणे वाटू लागले. आपले मन म्हणजे माहितीच्या ढिगांतून नियम दळून काढणारे यंत्र झाले आहे, असे त्यांनी लिहिले. पुन्हा जगायला मिळाले, तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा नियम करीन, असेही त्यांनी म्हटले. कारण ही गोडी जाणे म्हणजे आनंद जाणे आणि त्याने बुद्धीचे, त्याहूनही अधिक स्वभावाचे नुकसान होत असावे, अशी त्यांना शंका होती. इतिहास, चरित्रे आणि प्रवासवर्णने त्यांना तेव्हाही आवडत असत. कादंबऱ्या तर घरच्यांनी मोठ्याने वाचून दाखवायच्या, हा शिरस्ताच होता. त्यांची फक्त एक तक्रार होती: शेवट दुःखाचा असू नये, त्याविरुद्ध कायदाच व्हायला हवा.

वाढ म्हणजे केवळ निर्णयक्षमता किंवा स्मरणशक्ती नव्हे. ज्या पुस्तकाचा काहीही उपयोग सांगता येत नाही, अशा पुस्तकात रमता येणे हीदेखील एक क्षमता आहे आणि ती वापरली नाही तर गंजते. मूळ प्रश्नकर्त्यांना आनंद मिळतो आहे. तो आनंद शंकास्पद ठरवण्याचा अधिकार सहकाऱ्यांना कोणी दिला?

---

आडवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘निर्हेतुक’ यांच्या शेवटच्या प्रश्नाने हायसे वाटले, तरी माझी अडचण त्याने सुटत नाही, कारण आनंदाबरोबर थोडी समजही वाढावी, अशी माझी इच्छा आहे. मिटलेले पुस्तक समोर ठेवून लिहिण्याचा प्रयोग सुरू केला आहे. पहिल्याच प्रकरणानंतर असे दिसले की, लेखकाचे उदाहरण मला तपशिलासह आठवते. पण ते कोणत्या मुद्द्यासाठी दिले होते, ते आठवत नाही.

‘कार्यकारण’ यांना विचारायचे आहे. डार्विन यांच्याजवळ प्रश्न होता, कारण ते संशोधक होते. माझ्यासारख्या हौशी वाचकाने असा प्रश्न आणायचा कुठून? ‘विश्वाचे स्वरूप काय’ असले प्रश्न ठरवून मनात आणले, तर ते दोन दिवसही टिकत नाहीत.

---

कार्यकारण

‘निर्हेतुक’ यांचा आक्षेप मला मान्य आहे. पुस्तक कुठलेही घ्यावे, प्रश्न फक्त जवळ असावा, इतकेच म्हणायचे होते. ‘पुरावा कुठे आहे’ यांची हरकतही रास्त आहे. चरित्रांवरून शक्यता दिसतात, नियम सिद्ध होत नाहीत.

प्रश्न आणायचा कुठून, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की, दोन पुस्तके जिथे एकमेकांना छेद देतात, तिथून तो उचलावा. ‘विश्वाचे स्वरूप’ टिकत नाही, कारण त्यावर कोणाचे काय भांडण आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. आपण इतिहास, अर्थशास्त्र आणि कादंबरी या तिन्ही प्रकारांत वावरता, म्हणून त्या तिन्हींना स्पर्श करणारे एक उदाहरण देतो.

दुष्काळात माणसे का मरतात? पाऊस पडला नाही, पीक आले नाही, अन्न संपले, हे सरळ उत्तर इतिहासाच्या अनेक पुस्तकांत मिळते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दारिद्र्य आणि दुष्काळ यांवरील ग्रंथात या उत्तरालाच आव्हान दिले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे आकडे तपासून त्यांनी असे मांडले की, त्या वर्षी उपलब्ध असलेले अन्न १९४१ पेक्षा कमी नव्हते, आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ नव्हता. भाव भडकले, शेतमजुरांची मजुरी त्या प्रमाणात वाढली नाही, म्हणून अन्न असूनही ते त्यांच्या हाती पोहोचेना. हे वाचल्यावर इतिहासाचे पुस्तक पुन्हा उघडावे. ‘अन्न संपले’ या वाक्यापाशी आता आपण थांबतो आणि कोणाचे संपले, असे विचारतो. दुष्काळावरची कादंबरी घेतली, तर जे दृश्य पूर्वी केवळ करुण म्हणून वाचले असते, त्यात कोण धान्य विकतो आहे, कोण आधी भांडी विकतो आणि मग जमीन, हा क्रम दिसू लागतो. कादंबरीकाराने तो क्रम अर्थशास्त्र वाचून लिहिलेला नसतो, पाहून लिहिलेला असतो. म्हणून तो पडताळणीला उपयोगी पडतो.

नोंदींच्या बाबतीत डार्विन यांच्या दोन सवयी उचलण्यासारख्या आहेत. वाचताना पेन्सिलीने खुणा करायच्या आणि पुस्तक संपले की मागच्या कोऱ्या पानावर खुणा केलेल्या पानांचे क्रमांक लिहायचे, ही एक. (जाड पुस्तक हातात धरायला सोपे जावे, म्हणून ते त्याचे सरळ दोन तुकडे करत, असे त्यांच्या मुलाने नोंदवले आहे, ही सवय उचलू नये.) दुसरी सवय अशी की, आपल्या मताविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती दिसली, तर ती तत्काळ लिहून ठेवायची, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. उदाहरण आठवते पण मुद्दा आठवत नाही, या आपल्या अडचणीवरही याचा उपयोग होईल. उदाहरणाखाली एका ओळीत ‘हे कोणाविरुद्ध दिले आहे?’ एवढे लिहिले, की मुद्दा आपोआप लिहिला जातो.

सेन यांच्या मांडणीवर, विशेषतः त्यांनी वापरलेल्या उत्पादनाच्या आकड्यांवर, आक्षेप घेतले गेले आहेत. ते लेखन सेन यांच्या ग्रंथानंतर लगेच वाचावे आणि मध्ये फार अंतर पडू देऊ नये. दोन्ही बाजूंचे आकडे एकाच वेळी डोक्यात असतील, तरच वाद नेमका कशावर आहे, ते कळते.